भाच्याला काय देऊ? आधी त्याचा केक कुठे बिघडतो ते बघा

पत्राचा सारांश : ठाण्याच्या एका मावशींचं पत्र आलंय. त्यांचा भाचा नाशिकला असतो. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालाय आणि जूनमध्ये त्याला सोळावं पूर्ण होईल. दोनेक वर्षांपासून त्याला बेकिंगचा नाद लागलाय. घरात २५ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे, अंडं चालत नाही. दर रविवारी घरच्या ग्रुपवर केकचा फोटो येतो. मावशींना वाढदिवसाला सहा हजारांपर्यंतचं काहीतरी द्यायचंय, तेही सरप्राइज म्हणून. ऑनलाइन शंभराहून जास्त नगांचा डेकोरेशन सेट दिसतोय. यजमान म्हणतात ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) घे, मैत्रीण म्हणते स्टँड मिक्सर घे, नाहीतर क्लासची फी भर. बहिणीचं म्हणणं, 'ओट्यावर तसूभर जागा नाही, आणि आता अकरावी सुरू होईल.' मेहुण्यांनी क्रिकेटची बॅट सुचवली आहे. शेवटी मावशी लिहितात : 'केक चवीला छान असतो म्हणे, पण मधोमध फुगून फुटतो, कधी खाली बसतो, आणि क्रीम मेणबत्त्या विझेपर्यंत ओघळायला लागतं. हौस टिकेल की नाही हेही कळत नाही. नेमकं काय घेऊ?'

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही अगदी शेवटी लिहिली आहे. फुगून फुटतो, खाली बसतो, क्रीम ओघळतं. ओटीजी, सेट, मिक्सर, क्लास या चारही सूचना दुकानाकडे बघून केलेल्या आहेत. केककडे बघून कुणीच काही सुचवलेलं नाही.

बेकिंग करणाऱ्या मुलाला वस्तू देताना बहुतेकांच्या मनात असं असतं की जितकं मोठं यंत्र, तितकं मोठं प्रोत्साहन. पण केक बिघडतो तो बहुतेकदा चार-पाच कारणांनी, आणि त्यातल्या कुठल्याच कारणावर मोठं यंत्र हा उपाय नसतो. माप चुकतं, तापमान चुकतं, केकच्या टिनचा आकार चुकतो, क्रीम चुकीचं असतं. हे दुरुस्त करणाऱ्या वस्तू स्वस्त आणि दिसायला साध्या असतात, म्हणून भेट म्हणून त्या कुणाला सुचत नाहीत. तेव्हा ग्रुपवरचे मागचे सात-आठ फोटो उघडा आणि खरेदीची यादी त्यावरून ठरवू या.

मधोमध डोंगर होऊन फुटलेला केक म्हणजे बहुधा भट्टी हवी त्यापेक्षा तापलेली. टिनच्या कडेचं पीठ आधी घट्ट होतं, वर साल धरते, आणि आतलं ओलं पीठ मागाहून फुगत साल फोडून बाहेर येतं. कन्व्हेक्शनमध्ये पंखा गरम हवा सतत फिरवत असतो, त्यामुळे हे जास्तच होतं. साध्या ओव्हनसाठी १८० अंश लिहिलेली पाककृती पंख्याच्या भट्टीत १६० ते १७०वर करायची असते. बऱ्याच व्हिडिओंत हे सांगत नाहीत. शिवाय मायक्रोवेव्हच्या पाटीवर दिसतो तो आपण मागितलेला आकडा. आत खरोखर किती आहे ते वेगळंच, आणि दहा-वीस अंशांचा फरक अगदी सर्रास असतो.

खाली बसलेल्या केकची कारणं तीन-चार. सोडा जास्त पडला की पीठ झपाट्याने फुगतं, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि केक धरायच्या आत फुटतात. अशा केकला किंचित साबणासारखी चव येते, हे त्याला विचारून बघा. दुसरं, मधला भाग कच्चा असतानाच बाहेर काढला. तिसरं, पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत 'झाला का' म्हणून दार उघडलं. चौथं कारण एगलेसमध्ये हमखास सापडतं. व्हिनेगर किंवा दही सोड्याला भेटलं की वायू त्याच क्षणी सुटायला लागतो. पीठ तयार करून मग भट्टी तापवत ठेवली, तर ती तापेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं फुगवण्याची बरीचशी ताकद वाटीतच विरून जाते. भट्टी आधी तापवायची आणि ओला-सुका भाग एकत्र करायचं काम सगळ्यात शेवटी, एवढा क्रम बदलला तरी फरक दिसतो.

आता माप. आपल्या घरात 'एक वाटी' म्हणजे काय, हे घराघरात वेगळं असतं. १०० मिलीचीही वाटी असते आणि २०० मिलीचीही. पाककृतीतला कप बहुतेकदा २४० मिलीचा धरलेला असतो. आणि तो कप मिळाला तरी भानगड संपत नाही. चमच्याने हलका भरला तर त्यात मैदा १२०-१२५ ग्रॅम मावतो, कप डब्यात खुपसून वर काढला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे पाककृती तीच, कप तोच, आणि मैदा पंचवीस टक्के जास्त. या रविवारी केक लुसलुशीत आणि पुढच्या रविवारी वीट, याचं कारण इथे असतं. सोड्याचं आणखी कठीण. 'एक चमचा' म्हणजे ५ मिलीचा सपाट चमचा. घरातला पोह्यांचा चमचा शीग लावून घेतला की सहज दुप्पट होतो.

म्हणून तुमच्या यादीत पहिला येतो डिजिटल वजनकाटा. ५ किलोपर्यंत तोलणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा, भांड्याचं वजन शून्य करायचं बटण असलेला. साधारण सहाशे-सातशे रुपयांत चांगला मिळतो. घेताना तीन गोष्टी बघा. मोठं पातेलं ठेवल्यावर आकडा झाकला जायला नको. जरा वेळ काही टाकलं नाही की तो आपोआप बंद होतो, तर किती वेळात होतो ते विचारा, कारण अर्धवट मोजताना बंद पडला की शून्य केलेलं पुसलं जातं आणि मुलगा वैतागतो. आणि सेल रिमोटमध्ये घालतो तसे असू द्या, घड्याळाचे बटणासारखे नकोत. नाहीतर नेमके रविवारी संपतात. दुकानातच मिठाचं एक किलोचं सीलबंद पाकीट ठेवून बघा. हजाराच्या वर पिशवीचे चार-सहा ग्रॅम दाखवले की काटा ठीक.

पण १ ग्रॅमच्या काट्यावर ३ ग्रॅम सोडा मोजायचा नाही. एका ग्रॅमची चूक तिथे तिसरा हिस्सा होते, आणि चिमूट चिमूट टाकलं तर असे काटे कधीकधी हलतच नाहीत. त्यासाठी स्टीलचे मापाचे चमचे घ्या : १५, ५, २.५ आणि १.२५ मिली. प्लॅस्टिकच्या चमच्यांवरचे आकडे घासून घासून जातात. स्टीलवर कोरलेले राहतात. चमचा भरून सुरीच्या पाठीने सपाट करायचा, एवढीच युक्ती.

दुसरी वस्तू ओव्हन थर्मामीटर. स्टीलची गोल तबकडी, जाळीला अडकवायचा हूक, ५० ते ३०० अंशांचे आकडे. चारशे-साडेचारशे रुपये. भट्टी तापल्याची शिटी वाजल्यावर आणखी दहा मिनिटं थांबून काचेतून आकडा वाचायचा. १५०, १६०, १७०, १८० लावून खरे आकडे एका चिठ्ठीवर लिहायचे आणि ती चिठ्ठी मायक्रोवेव्हच्या बाजूला चिकटवून टाकायची. '१७० लाव, १८८ होतात' असं लिहिलेली चिठ्ठी त्याला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवेल. एक खबरदारी मात्र मोठ्या अक्षरांत लिहून द्या : हा थर्मामीटर धातूचा आहे, फक्त कन्व्हेक्शन चालू असतानाच आत ठेवायचा. कुणी दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावण्याआधी तो बाहेर असलाच पाहिजे. ॲल्युमिनियमच्या टिनचंही तेच.

टिनबद्दल थोडं मोजमाप करावं लागेल, आणि इथेच तुमचं सरप्राइज जरा अडचणीत येतं. बहिणीला गुपचूप विचारा की आतल्या फिरत्या काचेच्या तबकडीचा व्यास किती आहे. तबकडी फिरते तेव्हा चौकोनी टिनचा कोपरा फिरतो, म्हणून कर्ण मोजायचा. ८ इंची चौकोनी टिनचा कर्ण सव्वाअकरा इंचांच्या वर जातो आणि लहान मायक्रोवेव्हमध्ये तो भिंतीला अडतो. तबकडी थांबते आणि केक एका बाजूने करपतो. ७ इंचीचा कर्ण दहा इंचांच्या आत बसतो. गोल टिन घेतलं तर ही कटकटच नाही. उंची ३ इंच असू द्या. काळ्या नॉनस्टिकपेक्षा साधं, पांढरट, जाड ॲल्युमिनियम बरं. काळं टिन उष्णता जास्त ओढतं आणि कडा लवकर कडक करतं, म्हणजे डोंगराचा त्रास वाढतो. सिलिकॉनचे साचे दिसायला गोड, पण केकला बाहेरून रंग धरत नाही.

सहा इंची गोल दोन टिन द्या. दोन का, तर एका केकचे सुरीने दोन थर कापताना वाकडे होतात. दोन टिनमध्ये अर्धं अर्धं पीठ ओतलं की दोन सपाट थर मिळतात आणि भाजायलाही कमी वेळ लागतो. त्याच्या पाककृती आठ इंचीच्या असतील तर हा हिशोब त्याला सांगा : ६ इंची टिनचं तळाचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच, ७ इंचीचं ३८, ८ इंचीचं ५०. म्हणजे सहा इंचीचं पीठ आठ इंचीत ओतलं तर केक जेमतेम निम्म्या उंचीचा होतो. उलट केलं तर ओव्हन पुसत बसावं लागतं. दहावीची भूमिती इतक्या लवकर उपयोगी पडेल असं त्याला वाटलं नसेल.

राहिलं क्रीम. किराणा दुकानात मिळणाऱ्या छोट्या खोक्यातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं. पनीर माखनवालासाठी ते उत्तम, पण फेटून उभं राहत नाही. उभं राहायला तीस टक्क्यांच्या वर फॅट लागतं, म्हणजे पाकिटावर 'व्हिपिंग क्रीम' लिहिलेलं दुधाचं क्रीम. दुसरा पर्याय बेकरी सामानाच्या दुकानात गोठवलेलं मिळणारं नॉन-डेअरी क्रीम, जे वनस्पती तेलाचं असतं. चवीला दुधाचं सरस, टिकायला नॉन-डेअरी. नाशिकच्या मे-जूनमध्ये शिकणाऱ्याने नॉन-डेअरीनेच सुरुवात करावी, असं माझं मत. ते आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवायचं, थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच फेटायचं, भांडं आणि बीटरची पाती गार असावीत, आणि खाली बर्फाचं ताट. एकदा पूर्ण वितळलेलं क्रीम परत गोठवायचं नाही. मग ते फुगत नाही किंवा फाटल्यासारखं रवाळ होतं. आणि केक आतून पूर्ण गार झालेला हवा. वरून हात लावून गार वाटतो तेव्हा मधोमध अजून ऊब असते. सहा इंची केकलाही दोन तास द्यावेत. हे क्रीम तुम्ही ठाण्याहून नेऊ नका, वाटेतच पाणी होईल.

आता तुम्हाला मिळालेल्या सूचनांकडे वळू.

शंभर नगांचा सेट घेऊ नका. आकडा भरायला त्यात पातळ पत्र्याचे नोझल (क्रीमची फुलं काढायची टोकं), प्लॅस्टिकचे खरवडे आणि कागदी कप मोजलेले असतात. नोझलची शिवण उघडी असली की क्रीमच्या फुलाला एका बाजूने रेघ पडते. केक फिरवायचं प्लॅस्टिकचं टर्नटेबल डुगडुगतं, आणि डुगडुगणाऱ्या टेबलावर कुणाच्याच केकची कड सरळ येत नाही. त्याऐवजी सुट्या वस्तू घ्या : वाकड्या मानेची आठ इंची पॅलेट नाइफ, १एम नावाचं मोठं चांदणी नोझल, एक साधं गोल नोझल, आणि बारा इंची पायपिंग बॅगांचं पाकीट. १एम मोठं असतं, लहान कपलरमध्ये (बॅगेला नोझल जोडायच्या कडीत) बसत नाही. बॅगेचं टोक कापून थेट आत घालायचं, हे चिठ्ठीत लिहा, नाहीतर नोझल बिघडलेलं आलं असं समजून बसेल. क्रीम उभं राहायला लागल्यावर पुढच्या वर्षी लोखंडी बैठकीचं ॲल्युमिनियमचं टर्नटेबल द्या. ते वर्षानुवर्षं टिकतं.

स्टँड मिक्सरची कल्पना चांगल्या मनाने केलेली आहे, पण अंडं न घालणाऱ्या घराला ती फारशी लागू पडत नाही. अंड्याच्या स्पंजमध्ये अंडी फेटून फेस करणं हाच जीव असतो, तिथे बीटर हवा. एगलेसमध्ये मैदा पडल्यावर जितकं कमी ढवळाल तितकं चांगलं. जास्त फेटलं की मैद्यातलं ग्लूटेन चिवट होतं आणि केक रबरासारखा, आत लांबट भोकं पडलेला निघतो. हाताचा व्हिस्क आणि रबरी उलथणं पुरतं. शिवाय चार-पाच लिटरच्या भांड्यात १२५ ग्रॅम मैद्याचं पीठ तळाशीच राहतं, पाती पोचतच नाहीत. क्रीम फेटायला मात्र यंत्र लागतं. त्याच्याकडे हँड मिक्सर नसेल तर २५० ते ३०० वॉटचा साधा घ्या, दीड-दोन हजारांत येतो. असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

यजमानांची ओटीजीची सूचना चुकीची नाही, थोडी लवकर आहे. मायक्रोवेव्हपेक्षा ओटीजी सरस कुठे? वरचा आणि खालचा ताप वेगळा लावता येतो, २३०-२५० अंश गाठता येतात, आणि मधेच कुणी दूध गरम करायला येत नाही. पाव, लादी, फोकाच्चा, पिझ्झा यांसाठी हे फार महत्त्वाचं, कारण बऱ्याच कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हची धाव २००-२२० अंशांपर्यंतच असते. साध्या केकला याची गरज नाही. तो यीस्टच्या मागे लागला असेल, तरच ओटीजीचा विचार करा. आणि तो बहिणीशी बोलूनच, कारण आकाराने तो टीव्हीच्या जुन्या खोक्याएवढा असतो, चारी बाजूंनी चार-पाच इंच मोकळे लागतात आणि सनमायकाच्या फळीवर, कपाटाच्या खणात ठेवता येत नाही. विजेचंही बघावं लागतं. भिंतीवरचा नेहमीचा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम १,३८० वॉट. ओटीजी १,५०० ते १,८०० वॉट ओढतो. त्याला गीझरसारखा १६ अँपिअरचा सॉकेट हवा, एक्स्टेंशन बोर्ड चालत नाही. घ्यायचाच झाला तर २८ लिटरच्या खालचा घेऊ नका. लहान ओटीजीत तारा केकच्या इतक्या जवळ येतात की आत कच्चा असताना वरून काळा होतो.

क्लासच्या बाबतीत फी भरण्याआधी फोन करून विचारा : मुलांना स्वतःच्या हाताने करायला मिळतं की नुसतं बघायचं? एका भट्टीवर किती जण? एगलेस शिकवतात का? 'एका दिवसात पंधरा प्रकार' अशी जाहिरात असेल तर तो बघण्याचा क्लास आहे, हे समजून जा. एका दिवसात दोनच गोष्टी, पण हाताने, असा क्लास मिळाला तर जरूर द्या. मात्र सुट्टीतलाच. अकरावीच्या पहिल्या महिन्यात रविवार अडकवलात तर बहीण तुमच्याशी बोलायची नाही, आणि तिचं चुकणारही नाही.

मेहुण्यांच्या बॅटचं असं आहे की सोळाव्या वर्षी बॅट हवी असती तर त्याने मागितली असती. 'मुलगा असून' हा सूर त्यामागे असेल तर त्यांना एवढंच सांगा की मुंबईच्या इराणी बेकऱ्या आणि गोव्यातल्या पोदेरांच्या (पाववाल्यांच्या) भट्ट्या पिढ्यान्पिढ्या मुख्यतः पुरुषांनीच चालवल्या आहेत. पाव विकत घेताना हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही.

हौस टिकेल का, याचा मात्र विचारच करू नका. टिकली नाही तर काय होईल? वजनकाटा बहिणीला चकलीच्या भाजणीला लागेल, टिन ढोकळ्याला. टिकणार नाही या भीतीने जिथे पैसे वाया जातात त्या वस्तू म्हणजे स्टँड मिक्सर आणि शंभर नगांचा सेट, आणि त्या आपण यादीतून आधीच काढल्या. याची दुसरी बाजूही सांगते. नातेवाईक हौसेने 'आता ऑर्डरी घे' म्हणायला लागतात. ते तुम्ही तरी म्हणू नका. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे नोंदणी लागते हा एक भाग, आणि दुसरा म्हणजे लोकांच्या वाढदिवसाची जबाबदारी डोक्यावर आली की चुका करायची मोकळीक जाते. त्याला अजून बरेच केक बिघडवायचे आहेत. पुढे खरंच याच वाटेने जायचं म्हणाला तर दहावीनंतर आयटीआयमध्ये बेकर आणि कन्फेक्शनर असा एक वर्षाचा ट्रेड असतो, इतकी माहिती घरात असलेली बरी. वाढदिवसाच्या दिवशी तो विषय काढू नका.

बहिणीची तक्रार मात्र मनावर घ्या. भेट भाच्याला असली तरी ती उतरते तिच्या ओट्यावर. पीठ सांडतं, सिंक भरतं, आणि बटर-कोको-क्रीम महिन्याच्या किराण्यात शिरतं. अर्धा किलो बटर म्हणजेच तीनशे रुपयांच्या आसपास जातात. म्हणून भेटीत झाकणाचा एक मोठा क्रेट घ्या, पलंगाखाली जाईल असा. त्याचं सगळं सामान त्यात : टिन, काटा, कोको, बटर पेपर. ओटा मोकळा आणि पावसाळ्यात मुंग्यांपासून सुटका. आणि उरलेल्या पैशांचं नाशिकमधल्या बेकरी सामानाच्या दुकानात खातं करून द्या. दुकानदाराला फोन करून ते पैसे पाठवायचे, 'भाचा येईल तेव्हा त्याच्या नावावर लिहा' म्हणायचं. बहुतेक दुकानदार आनंदाने करतात. त्यातून तो क्रीम, चॉकलेट, यीस्ट, जेल रंग स्वतः निवडून आणेल, आणि आईपुढे हात पसरावा लागणार नाही. या वयात यासारखी भेट नाही.

हिशोब असा : काटा ७००, थर्मामीटर ४५०, चमचे २००, दोन टिन ४००, नाइफ-नोझल-बॅगा ५००, कोपरापर्यंतचे जाड हातमोजे ३५०, क्रेट ६००. झाले ३,२००. हँड मिक्सर घ्यावा लागला नाही तर उरलेले २,८०० दुकानात जमा. दर शहरागणिक थोडे इकडेतिकडे होतील. हातमोजे विसरू नका. घरोघरी गरम टिन फडक्याने काढतात, आणि फडकं ओलं असलं की त्याची वाफ होऊन हात भाजतो. तुम्ही ठाण्यात आहात, तर क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास टिन आणि नोझल हातात घेऊन बघता येतील. पुण्याच्या वाचकांनी बोहरी आळीत फिरावं.

तयार साहित्य भेट म्हणून द्यायचं असेल तर पाकिटांची पाठ वाचा. चॉकलेटच्या घटकांत वनस्पती फॅट असेल तर ते कंपाउंड : वितळवा, ओता, झालं. कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट (भरपूर कोको बटरचं असलं की त्याला कुव्हर्चर म्हणतात), आणि त्याला टेंपरिंग लागतं. डार्क चॉकलेट ४५-५० अंशांना वितळवून, २७-२८पर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२वर आणायचं. ते न जमल्यास वर पांढरे डाग येतात आणि तुकडा कटकन तुटत नाही. जूनमध्ये कुव्हर्चर देणं म्हणजे शिक्षा. तुमच्या बहिणीच्या घरासारखं शाकाहारी घर असेल तर जिलेटिन आणि मार्शमेलो टाळा, जिलेटिन प्राणिजन्य असतं. अगर-अगर चालतं. यीस्ट आणि बेकिंग पावडरची तारीख बघून घ्या. जुनं झालेलं यीस्ट हे पाव न फुगण्याचं सगळ्यात साधं कारण.

असाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी. बजेट हजाराच्या आत असेल तर काटा आणि चमचे, बस्स. घरात ओव्हनच नसेल तर जाड बुडाची कढई, आत मीठ, वर स्टँड आणि घट्ट झाकण यात नानखटाई उत्तम होते, सहा इंची केकही होतो. पूर्वी दिवाळीत नानखटाईचं पीठ मळून ताटं गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत भाजायला न्यायचे. काही गावांत अजूनही नेतात, विचारून बघा. अमेरिकेतल्या काका-आत्यांनी स्टँड मिक्सर किंवा कुठलंही विजेचं यंत्र आणू नये, तिथलं १२० व्होल्टचं इथे २३०वर जळतं. तिथली जाड ॲल्युमिनियमची टिन आणि मापाचे चमचे खुशाल आणा, सोबत ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सिअस असं लिहिलेला कागद ठेवा.

राहता राहिलं सरप्राइज. ते पूर्ण नको, अर्धं ठेवा. आज संध्याकाळी भाच्याला फोन करा आणि 'तुला काय हवं' असं विचारू नका. त्यावर 'काही नको मावशी' एवढंच उत्तर येणार. 'मागच्या केकचं काय बिनसलं रे?' असं विचारा. सोळाव्या वर्षातली मुलं या प्रश्नावर वीस मिनिटं बोलतात. तो सांगेल त्यात क्रीम आलं तर नाइफ आणि नोझल पक्कं, फुटणं-बसणं आलं तर थर्मामीटर आणि चमचे पक्के, आणि 'पाव करून बघितला पण' असं आलं तर ओटीजीसाठी बहिणीला फोन.

आणि काट्यासोबत त्याच्या पहिल्या वापरासाठी बिस्किटांची ही चिठ्ठी ठेवा : पिठीसाखर ५० ग्रॅम, मऊ बटर १०० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, बटर खारं असेल तर तेही नको. साखर-बटर हलकं फेटून मैदा मिसळायचा, गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये, मग अर्ध्या सेंटीमीटर जाडीचं लाटून कापायचं आणि १६० अंशांवर १५ ते २० मिनिटं, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत. बाहेर काढल्यावर बिस्किटं मऊच लागतील, गार झाल्यावर कडक होतात; कच्ची म्हणून परत आत सरकवायची नाहीत.